जुन्या फोटोंचे रफूकाम

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा, की संगणकावर फोटो दुरुस्त करायला नवशिक्याने कसे शिकावे. विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेतली काही मुलं हसली, ते आम्ही पाहिलं. हसण्यासारखंच आहे म्हणा. उभं आयुष्य साच्यावर काढलेला माणूस, शाळा नववीपर्यंत, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या सभांत झालेलं, तो आता संगणकावर बोलणार! पण मुलांनो, तुम्हाला ते लहानपणापासून येतं, त्यामुळे अडतं कुठं हे तुम्हाला सांगता येत नाही. आम्हाला दोन वर्षांपूर्वी काहीच येत नव्हतं. म्हणून प्रत्येक अडण आम्हाला पाठ आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आमची गिरणी थांबली ती थांबलीच. हाताला काम नाही आणि डोक्याला स्वस्थता नाही, असे दिवस. पुढे या स्मरणिकेचं ठरलं. विहार उभारणाऱ्या जुन्या मंडळींचे फोटो छापायचे, असा ठराव झाला आणि घरोघर जाऊन फोटो गोळा करण्याचं काम आमच्याकडे आलं. ते फोटो पाहिले तेव्हा कळलं की छापण्याच्या आधी बरंच काही करावं लागणार आहे.

आपली बहुतेक कुटुंबं इथली मूळची नाहीत, हे तुम्ही जाणता. कोणी परळ-लालबागच्या चाळीतून आलं, कोणी वरळी-नायगावहून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर मुंबईतली खोली सोडून कित्येक जण नालासोपारा-विरारला आले. त्या वेळी टेम्पोत आधी भांडी चढली, मग अंथरुणं, आणि ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले फोटो. इथली हवा खाडीची, दमट. त्यात २६ जुलै २००५ चं पाणी. त्यात २०१८ च्या जुलैचं पाणी, जेव्हा नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या बंद पडल्या आणि तळमजल्याच्या खोल्यांत पलंग तरंगले. भांडी धुऊन घेता येतात. फोटो काचेला चिकटून बसले.

आणि फोटो होते तरी किती? ज्यांच्या घरात अल्बम होते त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे लग्नाचा एक, ई.एस.आय.च्या कार्डासाठी काढलेला सगळ्या कुटुंबाचा एक, मुलगा दहावी पास झाला तेव्हा स्टुडिओत पडद्यापुढे उभा केलेला एक. कित्येक आयांचा तर एकुलता एक फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा. ही ओळखपत्रं १९९३ पासून, शेषन साहेबांच्या काळात, निघायला लागली. रांगेत उभं करून, डोक्यावरचा पदर सारखा करायलाही वेळ न देता काढलेला तो नखाएवढा फोटो. माउली गेल्यावर भिंतीवर लावायला घरच्यांकडे दुसरं काहीच नाही. तेव्हा हे काम हौसेचं आहे असं कोणी समजू नये.

आता शिकण्याकडे येतो.

फोटो दुरुस्तीचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे फोटोशॉप. थॉमस आणि जॉन नोल या दोन अमेरिकन भावांनी ते बनवलं आणि अॅडोबी कंपनीनं १९९० मध्ये बाजारात आणलं. चांगलं आहे, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. ते चोरून टाकून देणारे पुष्कळ भेटतात. आम्हालाही एकानं सांगितलं, "काका, कशाला पैसे भरता, मी क्रॅक टाकून देतो." विहाराच्या संगणकावर चोरीचा माल बसवून त्याच खोलीत दुसरं शील म्हणायचं, हे आम्हाला पटलं नाही. आणि गरजही नाही. गिम्प नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट आणि कायदेशीर. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. पुढे जगभरच्या माणसांनी आपापला वेळ देऊन ते वाढवलं. कोणीही घ्यावं, कोणीही वाटावं. आम्हा युनियनवाल्यांना हे ऐकून बरं वाटलं, हे लपवत नाही. जुन्या, मंद संगणकावरही सबुरीनं वापरलं तर ते चालतं.

आम्हाला शिकवलं आमच्याच गल्लीतल्या बारावीच्या मुलीनं. पहिले आठ दिवस तिनं नुसता माऊस धरायला लावला. साच्यावर धागा तुटला तर बोटांना आपोआप कळतं. माऊसचं तसं नाही, हात इकडे आणि काम तिकडे पडद्यावर. पन्नाशीनंतर ही सवय लागायला वेळ लागतो, लागू द्यावा. दुसरी अडचण इंग्रजीची. वर पट्टीवर शब्द असतात : फाईल, एडिट, सिलेक्ट, व्ह्यू, इमेज, लेयर, कलर्स, टूल्स, फिल्टर्स. आम्ही एक शंभर पानी वही केली. डाव्या बाजूला शब्द मराठी अक्षरांत, उजव्या बाजूला तो काय करतो ते आपल्या भाषेत. 'अन्डू' म्हणजे 'केलेलं मागे घे', कंट्रोल आणि झेड. ही एक चावी कळली की निम्मी भीती जाते. गिरणीत एकदा विणलेला कपड्याचा पट्टा उसवत नाही. इथं पाहिजे तेवढा उसवता येतो.

पण संगणकाच्या आधी फोटो हातात कसा धरायचा ते ऐका, कारण खरं नुकसान तिथंच होतं. काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढू नका. फोटोचं चित्र कागदाच्या वरच्या पातळ थरात असतं, तो थर जिलेटिनचा, पाण्यानं फुगतो आणि वाळला की काचेला धरतो. ओढला तर तोंड काचेवर राहील आणि कागद तुमच्या हातात. तो काचेसकटच घ्यायचा. खिडकीजवळ उजेडात ठेवा, फ्लॅश बंद, मोबाईल अगदी सरळ समांतर धरा आणि आपल्या मागे काळं कापड धरायला एकाला उभं करा, म्हणजे काचेत तुमचंच तोंड दिसणार नाही. सुटा फोटो असेल तर स्कॅनर बरा. झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर तो आपल्या मनानं कमी दर्जाचा स्कॅन करून देतो. त्याला स्पष्ट सांगा, "सहाशे डीपीआयवर पाहिजे," आणि पेनड्राईव्हवर घ्या.

हे डीपीआय काय? कापडात इंचाला किती तार आहेत ते आपण मोजतो, तसं फोटोत इंचाला किती ठिपके आहेत ते हे माप. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. आठ बाय दहा इंचाचा फोटो भिंतीवर लावायचा तर २४०० बाय ३००० ठिपके हवेत. पासपोर्ट फोटो असतो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. तो ३०० वर स्कॅन केला तर जेमतेम चारशे बाय पाचशे ठिपके येतात, आणि मोठा केला की तोंडाचा चिवडा होतो. तोच १२०० वर केला तर साधारण साडेपाच बाय सात इंचापर्यंत सुखानं छापता येतो. ओळखपत्रावरचा फोटो त्याहूनही लहान, शिवाय प्लास्टिकखाली. तिथं फार मोठ्या फ्रेमचा आग्रह धरू नये, लहान फ्रेममध्ये चेहरा जास्त खरा दिसतो. आणि एक विनंती. स्कॅन केलेला फोटो आम्हाला व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवू नका, तो वाटेत फोटो बारीक करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फाईल संगणकावर आली की पहिलं काम तिची प्रत काढणं. मूळ फाईलला हात लावायचा नाही, ती वेगळ्या फोल्डरमध्ये कुलपात ठेवल्यासारखी ठेवायची. जेपेग प्रकारची फाईल प्रत्येक वेळी बदलून साठवली की थोडी झिजते. म्हणून काम चालू असेपर्यंत गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात ठेवा आणि शेवटी छापखान्याला द्यायला टिफ किंवा जेपेग काढा. मग लेयर. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद समजा. दुरुस्ती वरच्या कागदावर, खाली मूळ तसंच. डोळ्याची खूण दाबून वरचा कागद मिटला की आधी काय होतं ते दिसतं. दर दहा मिनिटांनी ते पाहावं.

फिका पडलेला फोटो उजळायला 'लेव्हल्स' आहे. ते उघडलं की एक डोंगर दिसतो. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. फिक्या फोटोत डोंगर मधेच बसलेला असतो, दोन्ही बाजूंना मोकळं रान. डावीकडचा त्रिकोण डोंगराच्या पायथ्याशी आणा, उजवीकडचा दुसऱ्या पायथ्याशी आणा. पन्नास वर्षांचं धुकं एका क्षणात उठतं. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा एका फोटोत मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, जी कोणालाच माहीत नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालभडक झालेले असतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग पेटीतल्या अंधारातही उडतो. तिथं हेच काम लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे निवडून करायचं.

आणि आता रफूकाम. चांगला रफूवाला बाहेरचा दोरा वापरत नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो आणि भोकावर ताणा-बाणा धरून विणतो. 'क्लोन' नावाचं हत्यार नेमकं हेच करतं. सी चावी दाबा, कंट्रोल धरून चांगल्या जागेवर टिचकी मारा, मग फाटक्या जागेवर फिरवा. तिथला तुकडा इथं येतो. 'हील' हे त्याचं धाकटं भावंड, चावी एच. ते तुकडा आणून आजूबाजूच्या उजेड-सावलीत मिसळूनही देतं. पडदा, भिंत, साडीचा सपाट भाग यांवर आधी हात बसवा. चेहऱ्याकडे शेवटी या, ब्रश लहान ठेवा. मोठं करून काम करा, पण मधून मधून फोटो छापायच्या आकारात आणून, मान मागे घेऊन पाहा. सुरकुत्या म्हणजे डाग नव्हेत. त्या पुसल्या तर आजी प्लास्टरची होते.

इथपर्यंत हाताचं काम झालं. पण सहा महिन्यांत आमच्या लक्षात आलं की लोक हाताच्या कामासाठी कमी आणि भलत्याच कामासाठी जास्त येतात.

सगळ्यात जास्त मागणी कसली? "काका, आईला जरा गोरी करा." बॅनर लावणारे सर्रास करतात, तुम्ही नाक्यावर पाहता. आपले सावळे बापे बॅनरवर पिठात बुडवून काढल्यासारखे दिसतात. याला थोडा इतिहासही आहे. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो पाठवायची, त्याला शर्ली कार्ड म्हणत. सगळ्या जगाचा चेहरा त्या गोऱ्या कातडीवर जुळवलेला, म्हणून काळी माणसं फोटोत आणखी काळवंडून यायची. तक्रारी वाढल्या त्या लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या, त्यांचा तपकिरी रंग नीट येईना. तेव्हा कुठे फिल्म सुधारली. म्हणजे काळवंडलेला चेहरा लेव्हल्सनं मोकळा करणं ही दुरुस्ती आहे, ती आम्ही करतो. सगळा फोटो उजळतो, त्याबरोबर आईही उजळते. पण फक्त तोंडाभोवती रेघ मारून तेवढंच पांढरं करायचं, हे आम्ही करत नाही. जिनं उन्हात खडी फोडली तिचा रंग ही तिच्या कामाची नोंद आहे. कोणी रागावून गेले, जाऊ देत.

दुसरी मागणी मोठी गंमतीची. एक गृहस्थ म्हणाले, आमचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होते, त्यांना बाबासाहेबांच्या शेजारी उभे करून द्या. वडील नागपूरला होते यात शंका नाही. लाखोंच्या गर्दीत ते कुठं तरी मागं उभे होते, आणि तेच मोलाचं आहे. आम्ही त्यांना वडिलांचा फोटो स्वच्छ करून दिला आणि खाली लिहून दिलं : नागपूर दीक्षेला उपस्थित. त्यांना ते आवडलं, पुढे त्यांनी तशा चार प्रती काढल्या.

तिसरी मागणी मात्र गंमतीची नव्हती. आपल्या विहाराच्या पायाभरणीचा एक फोटो आहे, या स्मरणिकेत तुम्ही पाहाल. त्यात बारा माणसं आहेत. त्यातली दोन पुढं दुसऱ्या गटात गेली, भांडणं झाली, बोलणं बंद झालं. आता समितीतल्याच काही जणांचं म्हणणं पडलं की संगणकावर सोय आहे तर त्या दोघांना काढून टाकावं, मागं भिंतच तर आहे, क्लोननं भरता येईल. येईल, दहा मिनिटांचं काम आहे. रशियात स्टालिनच्या शेजारी कालव्याच्या काठावर येझोव उभा होता. त्याला १९४० मध्ये गोळी घातली आणि नंतर फोटोतूनही काढलं, तिथं नुसतं पाणी रंगवलं. तेव्हा संगणक नव्हता, कात्री-ब्रशनं केलं. आम्ही बैठकीत एवढंच विचारलं, पायासाठी खडी वाहिली तेव्हा ते दोघे होते की नव्हते? कोणी नाही म्हणालं नाही. वाद दोन बैठका चालला. आम्ही सांगितलं की फोटो बारा जणांचाच छापायचा असेल तर आम्ही करतो, दहाचा पाहिजे तर दुसरा माणूस बघा. फोटो बारा जणांचा छापला आहे. त्यातल्या एकाच्या घरून अजून कोणी कार्यक्रमाला येत नाही, पण स्मरणिकेची एक प्रत त्यांच्याकडे पोचवायची आहे, हे समितीला या व्यासपीठावरून आठवण म्हणून सांगतो.

आता तरुणांचं म्हणणं, काका, क्लोन-बिन कशाला, मोबाईलवर एआय आहे, एका टिचकीत फोटो नवा. आम्ही तेही करून पाहिलं. डाग जातात, पडदा छान होतो. पण चेहरा जिथं पुसला गेलाय तिथं ते यंत्र काय करतं? त्यानं लाखो अनोळखी माणसांचे चेहरे पाहिलेले असतात, त्यावरून अंदाजानं डोळा भरतं, नाक भरतं. फोटो झकास येतो, फक्त त्यात तुमची आजी नसते. नातवंडं तोच डोळा पाहत मोठी होणार.

यावर उत्तर आम्हाला आपल्याच गावात सापडलं. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथं मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. दोन्ही तुकडेच, अक्षरं गेलेली. इतर ठिकाणचे लेख पूर्ण आहेत, त्यामुळे गेलेली अक्षरं कोणती असावीत याचा अंदाज विद्वानांना करता येतो. पण म्हणून कोणी छिन्नी घेऊन दगडावर ती कोरली नाहीत. कागदावर वाचन देताना गेलेली अक्षरं कंसात लिहितात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की एवढं दगडाचं आणि एवढं आमचं. आम्ही फोटोत तेच करतो. पडदा, कडा, साडी, भिंत भरून काढतो. डोळा गेला असेल तर तिथला पुसटपणा ठेवतो. आणि प्रत्येक प्रतीच्या मागं लिहितो : दुरुस्त केलेली प्रत, मूळ फोटो अमुक घरी.

एका बाबतीत आमचं मन अजून पक्कं झालेलं नाही. नवराबायकोचा एकत्र फोटोच नसतो. त्याचा गिरणीच्या गेटपासवरचा, तिचा ओळखपत्रावरचा. मुलं म्हणतात, दोघांना शेजारी बसवा. हे खोटं म्हणावं की नाही? चाळीस वर्षं एका खोलीत काढली, एका फोटोत बसले नाहीत, कारण पैसे नव्हते. आम्ही सध्या एका फ्रेममध्ये दोन चौकटी करून देतो, मधे बारीक रेघ ठेवतो. एका मुलीनं रेघ पुसून मागितली. तिला नाही म्हणताना आम्हाला जड गेलं. यावर कोणाचं वेगळं मत असेल तर जरूर सांगावं.

नावांबद्दल थोडं बोलून थांबतो. फोटो कितीही स्वच्छ झाला आणि नाव गेलं तर पुढच्या पिढीला तो अनोळखी माणूस. गोळा झालेल्या फोटोंमागं बायकांची नावं जवळजवळ नाहीतच. 'अमक्याची आई', 'तमक्याची मंडळी'. या स्मरणिकेत आम्ही प्रत्येकीचं स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव विचारून घातलं आहे. दोन घरी कोणालाच सांगता येईना. तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्या मावशींना विचारलं, त्यांनी दोन्ही नावं पटकन सांगितली. नावं टाइप करताना युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टात केलं की छापखान्याच्या संगणकावर अक्षरांची खिचडी होते.

पुढचं काम असं. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दहा ते बारा आम्ही विहाराच्या वाचनालयात बसतो. संगणक एक आहे, त्यामुळे एका वेळी चार जणच. वय कितीही चालेल, इंग्रजी येत नसलं तरी चालेल, वही मात्र आणा. फोटो आणताना फ्रेममधून काढू नका, घडी घालू नका, दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत आणा. पावसात तर नकोच. मूळ फोटो आम्ही ठेवून घेत नाही, तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. ज्यांच्या घरी पायऱ्या चढू न शकणारी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी निरोप द्यावा, ती बारावीची मुलगी आणि आम्ही घरी येऊ. नावं सांगू शकणारी माणसं आधी गाठायची आहेत.

जयभीम.